नागरी हक्क संघटनेत नव्याने येताय? आधी पोच घ्यायला शिका

नागरी हक्कांच्या कामाकडे तरुण मुलं-मुली बहुतेक वेळा एखाद्या घटनेनंतर वळतात. वस्तीतल्या मुलाला पोलिसांनी उचललं आणि दोन दिवस घरच्यांना पत्ता लागू दिला नाही. मैत्रिणीची फिर्याद ठाण्यात घेतलीच नाही. जातपंचायतीने एका घराशी बोलणं बंद करायला लावलं. डोक्यात राग असतो आणि तो रास्तच असतो. त्या रागात संघटनेच्या कार्यालयात पोहोचावं, तर एखाद्या ताई समोर जाडजूड फाइल ठेवतात आणि म्हणतात, "हे जरा तारखेप्रमाणे लावून दे." बरेच जण इथेच गळतात.

ज्यांना गळायचं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. महाराष्ट्रातल्या तालुका-जिल्हा पातळीवरच्या, चार-दोन वकील, काही शिक्षक, काही निवृत्त माणसं आणि थोडेसे विद्यार्थी अशा चालणाऱ्या संघटना डोळ्यांसमोर आहेत. मोर्चे, सभा, पत्रकार परिषदा तिथेही होतात. पण खरं काम कागदावर चालतं, आणि ते कमी दर्जाचं समजायचं कारण नाही. अटकेच्या वेळी पोलिसांनी काय करायचं याचे ११ निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात दिले. त्या खटल्याची सुरुवात झाली होती ऑगस्ट १९८६ मधल्या एका पत्राने. पश्चिम बंगालमधल्या विधी सहाय्य संस्थेच्या अध्यक्षांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या गोळा केल्या आणि सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. तेव्हा तुम्हाला कात्रणं लावायला बसवलं, तर नाक मुरडू नका.

संघटना आधी पारखून घ्या

'मानवाधिकार' या शब्दाचा आपल्याकडे बाजार मांडला गेलाय. काही हजार रुपये भरले की ओळखपत्र, गाडीवर लावायला पाटी आणि 'जिल्हा उपाध्यक्ष' असं पद. कार्डावर कधीकधी राजमुद्रेसारखं दिसणारं काहीतरी छापलेलं असतं. राष्ट्रीय बोधचिन्हाचा असा वापर २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. असं कार्ड दाखवून कुणालाही चौकशीचा, तपासणीचा किंवा ठाण्यात घुसायचा कसलाही अधिकार मिळत नाही. राष्ट्रीय आणि राज्य मानवी हक्क आयोग हे १९९३ च्या कायद्याखाली नेमलेले सरकारी आयोग आहेत. खाजगी संस्थेचा त्यांच्याशी काही संबंध नसतो, नाव कितीही सारखं असलं तरी.

म्हणून पहिल्या भेटीत न लाजता विचारा. नोंदणी आहे का? बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पडताळता येतो. काही चांगल्या समित्या मुद्दाम नोंदणीशिवाय चालतात, त्यामुळे नोंदणी नाही म्हणजे बोगस असं समीकरण मांडू नका. पण हिशेब कोण ठेवतं, वर्गणी किती, निर्णय बैठकीत होतात की एकाच माणसाच्या खोलीत, हे कळायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मदत मागायला आलेल्या माणसाकडून पैसे घेतले जातात का? घेतले जात असतील तर चहा प्या आणि निघा.

मुलींसाठी आणखी एक. हक्कांची भाषा बोलणाऱ्या जागा आपोआप सुरक्षित होत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बिनपगारी, स्वयंसेवक म्हणून काम करणारी व्यक्तीही धरलेली आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हा प्रश्न विचारल्यावर समोरचे ओशाळतात, चिडतात की सरळ उत्तर देतात, यावरूनही बरंच कळतं.

तुमचं वय अठराच्या आत असेल तर घरच्यांना सांगून या. पत्रकं, भाषांतरं, वाचनगट, कायद्याची शिबिरं यात भरपूर करता येतं. ठाण्यात किंवा तथ्यशोधनाला, म्हणजे घटनेच्या जागी जाऊन माहिती गोळा करायला, मात्र अल्पवयीन मुलांना नेऊ नये, आणि जी संघटना नेते तिच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

पहिले दोन-तीन महिने: जुन्या फाइली

बैठकीत जा, मागे बसा, इतिवृत्त लिहायची जबाबदारी मागून घ्या. सगळ्यांना नको असलेलं काम आहे, त्यामुळे लगेच मिळतं; आणि कोण काय म्हणालं, काय ठरलं, पुढच्या वेळी त्यातलं काय झालं नाही, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत राहत नाही. सहा महिन्यांत तुम्हाला विचारल्याशिवाय बैठक पुढे सरकत नाही.

मग एक जुनी, संपलेली फाइल घरी न नेता तिथेच बसून वाचा. पहिल्या अर्जापासून शेवटच्या आदेशापर्यंत. किती तारखांना काहीच घडलं नाही ते बघा. कुठल्या कागदाने प्रकरण हललं ते शोधा. बहुतेक वेळा तो कागद अगदी साधा असतो: दवाखान्यातली केसपेपरची प्रत, आवक क्रमांक पडलेलं पत्र, शाळेच्या हजेरीपटाचं एक पान.

इतिहासाचंही थोडं वाचा, पण हार घालण्यापुरतं नको. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांसोबत लोक गेले, ते नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच झालेला असताना. कागदावर हक्क होता, पाणी मिळत नव्हतं. त्यानंतर दिवाणी दावा झाला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ साली बाबासाहेबांच्या बाजूने निकाली निघाला. तळ्यावर जाणं आणि कोर्टात दहा वर्षं टिकणं, दोन्ही त्याच लढ्यात होतं. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, नेहरूंच्या पुढाकाराने इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन निघाली, रवींद्रनाथ टागोर तिचे अध्यक्ष होते. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने आजच्या पीयूसीएलची (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेची) सुरुवात झाली. तिच्या उभारणीत सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे आघाडीवर होते. आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर काढणारे नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले हे सगळे तेव्हा विशी-तिशीतले होते. 'पोरं आहात, अजून शिका' असं कुणी सारखं म्हणायला लागलं, तर हे शेवटचं वाक्य कामाला येतं.

किती कायदा यायला हवा?

वकील व्हायची गरज नाही. पण काही गोष्टी झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता यायला हव्यात, कारण फोन रात्रीच येतो.

अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं; प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. अटकेची कारणं त्याला सांगावी लागतात आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. हे संविधानाच्या २२ व्या कलमात आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, त्यामुळे हजर राहायची नोटीस, जमावबंदी आणि गुन्ह्याची नोंद यांना जुनी मंडळी बोलताना ४१-अ, १४४, १५४ म्हणतात आणि ठाण्यात आता ३५(३), १६३, १७३ चालतं. दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून पाकिटात ठेवा.

नव्या संहितेतली काही कलमं आपल्या फार कामाची आहेत. कलम ३६ प्रमाणे अटकेचा मेमो तयार करावा लागतो, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून आणि अटक झालेल्याची सही लागते. कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावं आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळक दिसेल असं लावायचं असतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. कलम १७९ खाली साक्षीदार म्हणून जबाबासाठी स्त्रियांना, १५ वर्षांखालील मुलांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांच्या घरी जावं लागतं. हे शेवटचं फार थोड्या लोकांना माहीत असतं. म्हाताऱ्या आजींना तासन्‌तास बाकावर बसवून ठेवलेलं दिसलं, तर हे कलम शांतपणे सांगून बघा.

फुकट वकिलाचंही लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, मदतक्रमांक १५१००.

ऐकून घेणं आणि लिहून घेणं

या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य हे आहे, आणि ते शिकवायला कुणाला वेळ नसतो.

समोर बसलेल्या माणसावर काहीतरी गुदरलेलं असतं. तो सरळ क्रमाने सांगत नाही. मधूनच जुनं भांडण येतं, जमिनीचा वाद येतो, रडू येतं. पहिल्यांदा काहीही लिहू नका. पूर्ण ऐका. मग विचारा, "मी हे लिहून घेतलं तर चालेल का? हे कुणाकुणाला दाखवलेलं तुम्हाला चालेल?" परवानगी मिळाल्यावर दुसऱ्यांदा, तारखेच्या क्रमाने लिहा. शेवटी सगळं त्यांना वाचून दाखवा, त्यांच्या बोलीत. सही किंवा अंगठा नंतर.

लिहिताना विशेषणं गाळा. 'पोलिसांनी अमानुष मारहाण केली' हे वाक्य पत्रकात शोभतं, नोंदीत त्याचा काही उपयोग नाही. नोंद अशी हवी: 'रात्री साधारण साडेनऊ वाजता, ठाण्याच्या मागच्या बाजूच्या खोलीत, साध्या कपड्यातल्या दोघांनी पट्ट्याने मारलं. डाव्या पोटरीवर चार-पाच फटके. एकाला दुसरा "साहेब" म्हणत होता. खोलीत हिरवं कपाट होतं.' हिरवं कपाट हास्यास्पद वाटेल, पण माणूस त्या खोलीत होता हे नंतर त्यानेच सिद्ध होऊ शकतं.

जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असंच लिहा. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. या शिस्तीचं एक उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. पत्रकार शीला बर्से यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या तुरुंगात १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या आणि सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं की त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. सगळ्यांनी नाही, पाच जणींनी. आकडा फुगवला असता तर पत्र जास्त खळबळजनक झालं असतं आणि पहिल्याच उत्तरात कोसळलं असतं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलीस, आणि स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्याच उपस्थितीत, असे निर्देश महाराष्ट्राला दिले.

जखमा असतील तर गप्पा थांबवा आणि आधी सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टरांना कशाने, कुणी, केव्हा मारलं ते रुग्णानेच सांगायचं आणि ते केसपेपरवर आलंय का ते बघायचं. 'पडून जखम' असं लिहिलेलं केसपेपर घेऊन घरी आलात तर पुढचं वर्षभर त्याच दोन शब्दांशी लढावं लागेल.

अर्ज, आवक आणि पोच

सरकारी कार्यालयात तोंडी सांगितलेलं घडलेलंच नसतं. त्यामुळे प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक व घेणाऱ्याची सही. हीच पोच. आवक-जावक टेबलावरचे कारकून कधी म्हणतात, "ठेवून जा, साहेब आले की देतो." हसून तिथेच उभं राहायचं. अजिबातच घेईनात तर टपालाने, पोचपावतीसह पाठवायचं आणि ईमेलही करायचा.

फिर्यादीबाबत हा प्रकार जास्त चालतो. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती आल्यावर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे हे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. तरी ठाण्यात 'तक्रार अर्ज द्या, चौकशी करतो' असं म्हणून प्रकरण अर्जातच मुरवलं जातं, किंवा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून कागद हातात देतात. नव्या संहितेच्या १७३(३) ने तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीची मुभा दिलीय, पण ती उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि १४ दिवसांत. म्हणून विचारायचं, "परवानगी कोणत्या तारखेची आहे?" ॲट्रॉसिटीच्या बाबतीत तर हा प्रश्नच येत नाही; २०१८ मध्ये घातलेल्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर कलम १७३(१) दाखवा: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यावी लागते. गुन्हा नोंदवला की प्रत फिर्यादीला फुकट मिळते. नोंदवलाच नाही तर तेच लेखी पोलीस अधीक्षकांना टपालाने, आणि तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. दंडाधिकाऱ्यांकडे जाताना अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राची पोच लागतेच. फाइलमधला तो मळकट कागद नेमका त्या दिवशी सापडला नाही की काय होतं, हे ताईंना विचारा.

माहिती अधिकार हे तरुण कार्यकर्त्याचं पहिलं स्वतंत्र हत्यार. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. उत्तर ३० दिवसांत. व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. कारण सांगायची सक्ती नाही. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. एवढं सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते प्रश्न विचारण्यात. 'माझ्या अर्जावर कारवाई का केली नाही?' असं विचारलं की जनमाहिती अधिकारी "'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" म्हणून सुटतो. त्याऐवजी नोंद मागा: 'दि. अमुक रोजी आवक क्रमांक अमुकने प्राप्त अर्जावर आजपर्यंत झालेल्या टिप्पणीची, शेऱ्यांची आणि पत्रव्यवहाराची प्रमाणित प्रत मिळावी.' दुसरं, शक्यतो पीडित व्यक्तीच्याच नावाने अर्ज करा. तुमच्या नावाने केलात तर 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येण्याची शक्यता वाढते.

मानवी हक्क आयोगाकडची तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत हवी आणि तिला शुल्क नाही. उत्साही मंडळी एकच तक्रार राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांना पाठवतात. तसं करू नका. एका आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची चौकशी दुसरा आयोग करू शकत नाही, आणि तुमची तक्रार नेमकी त्याच कारणाने बंद होते.

जातपंचायतीच्या बहिष्काराची प्रकरणं आली तर महाराष्ट्राचा स्वतःचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, २०१६ चा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाण्यात हा कायदा अनेकदा आपल्यालाच दाखवावा लागतो, छापील प्रत सोबत असू द्या.

ठाण्यात जाताना

एकट्याने कधीच नाही. दोघं जा, शक्य तर एक मुलगी आणि एक मुलगा, आणि तिसऱ्याला बाहेर फोन घेऊन ठेवा. आधी ठाणे अंमलदारांना नाव-गाव सांगा, कशासाठी आलोय ते दोन वाक्यांत सांगा. आवाज चढवू नका. समोरचा चढवेल, तरीही नाही. तुम्ही चिडून बोललेलं एक वाक्य 'शासकीय कामात अडथळा' या कलमात जाऊन बसतं आणि मूळ प्रकरण बाजूला राहून संघटना तुमच्या जामिनामागे धावायला लागते.

चित्रीकरणाबद्दल नेहमी वाद होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं 'प्रतिबंधित स्थान' नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरी माझा सल्ला असा की प्रत्येक वेळी मोबाइल उगारू नका. काम होण्याची शक्यता असेल तोवर काम करून घ्या.

त्यापेक्षा ठाण्याचा स्वतःचा कॅमेरा जास्त उपयोगी आहे. परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि चित्रीकरण किमान वर्षभर जपायला सांगितलंय. प्रत्यक्षात फुटेज पुसलं गेल्याचं, यंत्रणा बंद असल्याचं उत्तर येतं. म्हणून घटनेनंतर शक्य तितक्या लवकर, दुसऱ्याच दिवशी, एक ओळीचा अर्ज अधीक्षकांकडे द्या: अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं, सर्व कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जतन करून ठेवावं. पोच घ्या. आता ते पुसलं गेलं तर का, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

तथ्यशोधनाला गेल्यावर

गावात घटना घडली की संघटना तीन-चार जणांची समिती पाठवते. नवख्यांना सोबत नेतात, लिहून घ्यायला. गाडी पीडितांच्या वस्तीत थेट नेऊन उभी करू नका. आपण संध्याकाळी परत जातो, ते तिथेच राहतात. दोन्ही बाजूंना भेटा. आरोपींच्या घरच्यांनाही, सरपंचांनाही, ग्रामसेवकांनाही, ठाण्यातही. भेटायला नकार मिळाला तर तोही तारीख-वेळेसह अहवालात येतो. जागेचा कच्चा नकाशा काढा: घर, विहीर, रस्ता, दिव्याचा खांब. रात्रीची घटना असेल तर तो खांब चालू होता का?

गावात कुणालाही कसलंच आश्वासन देऊ नका. 'न्याय मिळवून देऊ' तर मुळीच नाही. 'आम्ही अहवाल लिहू, तुम्हाला प्रत देऊ' एवढंच, आणि ते पाळा. कितीतरी समित्यांनी मुलाखती घेतल्या आणि अहवाल त्या गावापर्यंत कधी पोहोचलाच नाही. दुसऱ्यांदा गेलात की लोक दारातूनच हात जोडतात, त्यांचं चूक नसतं.

फोटो आणि नावं यांबाबत ढिलाई चालत नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. गाव, वडिलांचं नाव, शाळा, घराचा फोटो, यातलं काहीही. मुलांच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, आणखी कडक आहे. तुमच्या गटात आलेलं 'न्याय द्या' असं पोस्टर पुढे ढकलण्याआधी तेवढं बघा.

आंदोलन, आणि तुमच्यावरचा गुन्हा

शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमात आहे. मात्र महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश जिल्ह्या-जिल्ह्यांत, शहरा-शहरांत सारखे निघत असतात, बऱ्याचदा पंधरा दिवसांचा एक संपला की दुसरा. तो मोडला की कलम १३५ लागतं. म्हणून धरण्याआधी आदेश लागू आहे का ते बघा, परवानगीचा अर्ज वेळेत द्या, पोच ठेवा, नकार आला तर तो लेखी मागा.

इथे ज्येष्ठ लोक एक गोष्ट सांगायला टाळतात, ती मी सांगतो. आंदोलनात दाखल झालेला किरकोळ गुन्हाही सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आणि पासपोर्टच्या वेळी समोर येतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हे माहीत असायला हवं आणि त्यांनी स्वतः ठरवायला हवं. न यायचं ठरवलं तर त्यांना भेकड म्हणणाऱ्याला बैठकीत गप्प करा. पडद्यामागे करायची कामं ढीगभर आहेत. गुन्हा दाखल असेलच तर पडताळणीच्या फॉर्मवर तो लपवू नका. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या विषयाचे नियम घालून दिलेत: खरं सांगणाऱ्याचा विचार नियोक्ता गुन्ह्याचं स्वरूप बघून करू शकतो, माहिती दडवणाऱ्याची बाजू मात्र लंगडी पडते.

आपल्यावर गुन्हा आहे की नाही, तेही तपासता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. 'इतर ३० ते ४० जण' असं लिहिलेल्या एफआयआर नीट वाचा. त्या तीस-चाळीसांत पुढे कुणाचंही नाव येऊ शकतं.

वेळ, अभ्यास, आणि निघून जाणं

आठवड्याला किती तास देता येतील ते पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगा आणि परीक्षेच्या काळात सुट्टी घ्या. रात्री-बेरात्रीच्या फोनची पाळी लावून घ्या, एकाच पोरावर ती पडायला नको. कोठडीतल्या मृत्यूचं किंवा लहान मुलाचं प्रकरण ऐकल्यावर झोप लागली नाही तर ते कुणाशी तरी बोला, आणि पुढचं तसंच प्रकरण लगेच घेऊ नका.

बहुतेक तरुण दोन-तीन वर्षांत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसरीकडे जातात. त्यात काही गैर नाही, पण जाताना प्रकरणं तुमच्या डोक्यात आणि तुमच्या मोबाइलमध्ये राहू देऊ नका. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर एक कागद लावा: पीडित व्यक्तीशी शेवटचं बोलणं कधी झालं, पुढची तारीख कोणती, कुठल्या अर्जाची मुदत कधी संपते, मूळ कागद कुणाकडे आहेत. माहिती अधिकाराच्या अपिलांच्या तारखा वेगळ्या लिहा, त्याच सगळ्यात आधी बुडतात. फोनमधले फोटो आणि ध्वनिमुद्रणं संघटनेच्या ठिकाणी उतरवून तुमच्या फोनमधून काढून टाका. ज्या कुटुंबांशी तुम्ही बोलत होता त्यांना स्वतः फोन करून सांगा की यापुढे अमुक ताई किंवा दादा तुमच्याशी बोलतील, आणि त्या दोघांची एकदा समोरासमोर गाठ घालून द्या.